थंड आणि कोरडी जागा

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत एक ओळ होती: कॅमेरा आणि लेन्स थंड व कोरड्या जागी ठेवावेत. ज्याने कोणी ती लिहिली तो मे महिन्यात नागपुरात राहिलेला नसावा. आमच्याकडे मेमध्ये जागा एक तर थंड असते, नाही तर कोरडी असते. कूलर लावला की थंडावा येतो आणि त्याच्या मागोमाग ओल येते. कूलर नाही तिथे सगळं कोरडं ठणठणीत असतं, पण तिथे मेणबत्तीसुद्धा उभी राहत नाही. एसीवाल्यांचं बरं आहे. आमच्याकडे एसी नाही, कारण आईला ती हवा सोसत नाही. गुडघे धरतात म्हणते. आणि आमच्या घरात आईच्या गुडघ्यांपुढे कोणी तोंड उघडत नाही.

मी फोटोग्राफर वगैरे नाही. एका सरकारी कार्यालयात फायली इकडच्या तिकडे करतो. पन्नाशी जवळ आली तेव्हा माझ्या बरोबरीचे लोक कोणी देवाला लागले, कोणी शेअर बाजाराला. मी पक्ष्यांना लागलो. रविवारी पहाटे स्कूटर काढायची, पारशिवनीच्या रस्त्याला लागायचं, भाताच्या बांध्यांच्या कडेला कुठेतरी बसून राहायचं, आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. पक्षी बहुतेक वेळा पाठ करूनच बसलेले असत.

कॅमेरा निवडायला मला फार दिवस लागले. स्वभावच चिकट. ऑफिसातून आलो की जेवण होईपर्यंत मोबाइलवर लोकांची मतं वाचायची, या कंपनीचा की त्या कंपनीचा, यावर अनोळखी माणसांशी मनातल्या मनात भांडायचं. शेवटी बॉडी साधी घ्यायची आणि लेन्स चांगली घ्यायची, असं ठरलं. बॉडी नवी घेतली. लांबचं ओढून आणणारी मोठी लेन्स मात्र जुनीच मिळाली, कळमन्याच्या एका फळांच्या व्यापाऱ्याकडून. त्याची हौस फिटली होती. मी त्याच्या गाळ्यात, संत्र्यांच्या पेट्यांमध्ये उभं राहून लेन्सचं प्रत्येक कडं फिरवून पाहिलं, मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. काच अगदी निर्मळ होती. तो वैतागून म्हणाला, "घेता का आता, का लगन लावता?"

घरी येऊन हे सांगितलं तर आईही त्याच्याच बाजूने. "बायको पाहाले गेलता तवा येवढा टाइम नाही लागला तुले," ती म्हणाली. बायको बँकेतून नुकतीच आली होती. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

लेन्स आईच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात ठेवायची, हे मीच ठरवलं. पुस्तिका वाचूनच ठरवलं. तिच्या खिडकीला घरातला मोठा कूलर, म्हणजे तीच सगळ्यात थंड खोली. वाळ्याच्या ताट्या, टाकीभर पाणी, आणि उन्हाळाभर दुपारी घुं घुं असा आवाज. त्या खोलीत गेलं की वाळ्याचा ओला वास यायचा आणि डोळे आपोआप मिटायला लागायचे. कॅमेऱ्यालाही बरं वाटत असेल असं मी धरून चाललो.

आणि मग रविवारची पुसापुशी सुरू झाली. पक्षी पाहून आलो की आईच्या पलंगाच्या पायथ्याशी बसायचं, कारण तिथे पूर्वेचा उजेड चांगला येतो. जुनं धोतर अंथरायचं. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, मग काचेवर वाफ सोडून कापडाने मधून बाहेर गोल गोल पुसत जायचं. घाईचं काम नाही. आई उशीला टेकून पाहत राहायची.

"हे काय करून राहिला गा?"

"धूळ काढून राहिलो."

"येवढुशी धूळ? मायी त जिंदगी गेली धूळ काढण्यात, कोनी बसून पाह्यलं नाही."

एकदा लेन्सचं झाकण घरंगळून पलंगाखाली गेलं आणि मी आडवा होऊन हात घालत बसलो. तेव्हापासून झाकण आईच्या ताब्यात गेलं. "मायाजवळ दे, हारपवशीन." ती ते मुठीत घट्ट धरून बसायची. पुसून झालं म्हटलं की आधी लेन्स डोळ्यांजवळ नेऊन तपासायची, तिला काय दिसायचं देव जाणे, आणि बहुतेक वेळा म्हणायची, "नाही झाला साफ. आनखी पुस." मग मी आणखी पुसायचो. तेवढ्यात तिच्या माहेरची एखादी गोष्ट निघायची. रामटेकच्या गडावर बैलगाडीने गेल्याची, कोण्या मावशीचं नाकातलं हरवल्याची. मी हुं हुं करत असे. खरं सांगायचं तर माझं लक्ष काचेकडे असे.

आठवडाभर आमचं बोलणं दारात उभं राहून व्हायचं. गोळी घेतली का, जेवली का, येतो मी. बस. रविवारची ती बैठक सोडली तर आईला माझा वेळ मिळत नव्हता. मी समजत होतो तो वेळ कॅमेऱ्याचा आहे. ती समजत होती तो तिचा आहे.

एका हिवाळ्यात फोटो धुरकट यायला लागले. आधी मी धुक्याला दोष दिला, मग रस्त्यांच्या कामांच्या धुळीला, मग स्वतःच्या हाताला. शेवटी लेन्स घेऊन बर्डीच्या बाजारात एका कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने बॅटरी लावली, एक डोळा मिटून आत पाहिलं, आणि मलाही दाखवलं. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरले होते. बुरशी.

"कूलरच्या खोलीत ठेवून राहिले असाल," तो म्हणाला. "अर्ध्या नागपूरच्या लेन्सा कूलरनं खाल्ल्या, साहेब."

खोलून साफ करता येईल, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला आहे, डाग राहणार, आणि पुन्हा होणार नाही याची हमी नाही, असं त्याने सांगितलं. मी विचार करतो म्हणून लेन्स परत घेतली. घरी येताना सिग्नलवर माझे डोळे भरून आले. वस्तूसाठी एवढ्या वयाच्या माणसाने रडावं, याची मला लाजही वाटली.

मग मी भलताच कडक झालो. झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा आणला, आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, ओल मोजायचा छोटा काटा बसवला, आणि डबा वरच्या खोलीत नेऊन ठेवला. तिथे कूलर नाही. आईने विचारलं, काहून नेला. मी म्हटलं, "तुया खोलीत ओल आहे. कूलरच्या हवेनं लेन्स सडली." ती कूलरकडे पाहत राहिली.

पुसापुशीही वरच गेली. टेबल होतं, दिवा होता, सोय चांगली होती. खालून तिची हाक यायची, "आज नाही पुसत का गा?" मी वरूनच ओरडायचो, "झालं पुसून." जिना ती चढत नसे. गुडघ्यांचं म्हटलं ना मघाशी.

मे महिन्यातला शनिवार होता. ऑफिसात अर्ध्या लोकांना ऊन बाधलेलं, साहेबांनी लवकर सोडलं. मी दुपारी घरी आलो. बायको बँकेत कामावर होती. रस्ता ओस पडलेला, स्कूटरच्या सीटवर हात ठेववत नव्हता. कुलूप काढून आत पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पहिल्यांदा कळेना काय ते. मग कळलं, घरात आवाज नव्हता. मेच्या दुपारी आमच्या घरात कूलरचा आवाज नाही, असं कधी होत नाही. वाटलं, लाइन गेली. पण समोरच्या खोलीतला पंखा फिरत होता.

आईच्या खोलीचं दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी वाफ अंगावर आली. कूलर बंद होता. त्याच्यासमोर तिने चादर लावून ठेवली होती, ओली हवा कुठून येऊ नये म्हणून. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले, अंगावर घामाचा थेंब नाही. मांडीवर माझा डबा होता आणि दोन्ही हात डब्याच्या झाकणावर होते.

मला राग आला. आधी रागच आला. "हे काय करून ठेवलं वं माय?" मी ओरडलो.

तिने डोळे उघडले, पण नजर माझ्यावर लागत नव्हती. "उद्या इतवार होय नं," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "तुया कॅमेरा हिथं राहिला त तू येतं. म्हनून आनला. कूलर बंद केला मी. त्याले ओल लागते म्हंतं नं तू."

जिना चढून गेली होती ती. त्या गुडघ्यांनी, धरून धरून, आणि डबा छातीशी घेऊन उतरली होती. मग कूलर बंद करून, चादर लावून, किती वेळ ती त्या खोलीत बसली होती ते मला माहीत नाही. तिलाही सांगता आलं नाही. मी तिचं लुगडं भिजवलं, डोक्यावर पाणी ओतलं, कूलर सुरू केला. शेजाऱ्यांना फोन लावताना नंबर दोनदा चुकला. रिक्षात ती माझ्या खांद्यावर होती आणि तिचं अंग तापलेल्या तव्यासारखं लागत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उष्माघात आहे, वय आहे, थांबून पाहू. आम्ही थांबलो. बायको रात्री बसायची, मी दिवसा. त्या खुर्चीत बसून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवायची. डबा हवाबंद होता. कूलर दिवसभर घुं घुं करत राहिला असता तरी ओलीचा कण आत गेला नसता. त्यासाठीच तर तो आणला होता. हे मी दुकानदाराला विचारून घेतलं होतं, ऑफिसात दोघांना समजावून सांगितलं होतं. आईला सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आणि त्या डब्यात जी लेन्स होती ती तर आधीच गेलेली होती.

आई घरी आली. लोक म्हणाले, वाचली, नशीब. मीही तसंच म्हणतो. पण सगळी आली नाही. शब्द हरवतात, दिवस कोणता ते कळत नाही. कधी मी तिचा मुलगा असतो, कधी तिचा भाऊ असतो, जो तिला माहेरी न्यायला आला आहे. भाऊ असलो की ती माझ्यावर रुसते, एवढा उशीर काहून केला म्हणून. मी माफी मागतो. तिचा भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली.

आता पुन्हा उन्हाळा आहे. डबा मी दवाखान्यातून आलो त्याच आठवड्यात कुणाला तरी देऊन टाकला. लेन्स आईच्या कपाटात आहे, उघडी, आणि कूलर सकाळपासून चालतो. मधूनमधून बॅटरी लावून पाहतो. धागे वाढले आहेत, आता मधोमध आले आहेत. दुरुस्तीवाल्याने एकदा फोन करून विचारलं, काय ठरवलं साहेब. मी म्हटलं, राहू द्या. पारशिवनीच्या रस्त्यालाही मी गेलेलो नाही. बायको म्हणते जाऊन या, मी बसते. जावंसं वाटत नाही. दिवसभर कोणालाही मी आईजवळ ठेवलं तरी माझं लक्ष घरी कूलर चालू आहे ना, याकडेच असणार.

तरी रविवारी सकाळी मी पलंगाच्या पायथ्याशी धोतर अंथरतो. फुग्याने हवा मारतो, जिथे धूळ नाही तिथली धूळ उडवतो. बाहेरच्या काचेवर वाफ सोडून गोल गोल पुसतो. डाग आत आहे, तो बाहेरून जाणार नाही, हे मला माहीत आहे. कपाटातून लेन्स काढली की आईचा हात आपोआप पुढे येतो. मी कोण हे तिला आठवत नसलं तरी झाकण कोणाकडे असतं हे आठवतं. ती ते मुठीत धरते आणि पाहत राहते.

गेल्या रविवारी बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "झाला का साफ?"

"नाही वं माय, अजून."

"मंग झाकन नाही देत मी," ती म्हणाली आणि मूठ पदराखाली लपवली. मी पुन्हा काचेवर वाफ सोडली.