चांगुणामावशीचं हिरवं लुगडं

चांगुणामावशीनं आमच्या गावातल्या दोन पिढ्या न्हाऊ घातल्या. मलाही तिनंच घातलं, आणि मी कसा भोकाड पसरायचो हे ती माझ्या सुनेसमोरसुद्धा खुशाल सांगते. निफाड तालुक्यातलं आमचं गोदाकाठचं गाव. कुणाकडे बाळंतपण झालं की मावशी दारात हजर. तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी, ओवा-वेखंडाची धुरी आणि शेवटी गालाला काजळाची तीट. सव्वा महिना झाला की घरचे तिला लुगडं देतात. ते नेसून ती एकदा बाळंतिणीला दाखवून येते. त्याशिवाय बाळंतपण पार पडलं असं ती मानतच नाही.

२००३च्या पौषात माझ्या उसाची तोड चालू होती. निम्मं रान मोकळं झालं आणि मजुरांना उसाच्या वाळक्या पाल्यात, पाचटात, बिबट्याची तीन पिल्लं सापडली, डोळेही धड न उघडलेली. आई माणसांच्या गलक्यानं पळाली होती. तोडणाऱ्या बायकांना दया आली. पिल्लं पदरात घेऊन त्या थेट मावशीच्या ओट्यावर गेल्या. लहान जिवाचं काही असलं की गावात सगळे तिथंच जातात. बिबट्याचं असलं म्हणून काय झालं!

मी पोचलो तेव्हा तिन्ही पिल्लं न्हाऊन, धुरी घेऊन, तीट लावून टोपलीत झोपली होती.

"भिका, बघ कशी गुणाची हायेत. तुझ्यासारखी नाय," मावशी म्हणाली.

तेवढ्यात वनखात्याची जीप आली. वनपाल गोविंदराव पन्नाशीचे, शांत गृहस्थ. टोपलीत डोकावून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मावशी, आंघोळ घातलीत? अहो, आई त्यांना वासानं ओळखते. तिनं उचलली नाहीत तर ही जन्मभर पिंजऱ्यात, आणि ती चवताळून गावाभोवती फिरणार."

मावशीचा चेहरा पडला. खरं तर मी भडकलो होतो. तोड बंद, मजूर निघून जायच्या बेतात, आणि हिचं इथं कौतुक चाललेलं! पण तिच्याकडे बघून मी टोपलीजवळ खाली बसलो.

"माझ्या हातचं पोर आईनं घेतलं नाय, असं कधी झालं नाय," ती पुटपुटली. मग एकदम उठली. "न्हाल्यावर पोर आपण आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळतो ना? आईचा वास लागावा म्हणून. हिचं लुगडं म्हंजे ते पाचट. चल भिका, ऊठ!"

गोविंदरावांना पटलं. पिल्लं जिथं सापडली तिथलंच ओलसर, उग्र वासाचं पाचट आम्ही गोळा केलं. मावशीनं तीट पुसली आणि पिल्लं त्यात चांगली घोळली. दिवस मावळायच्या आत ती उघड्या क्रेटमध्ये घालून जागच्या जागी ठेवली, आणि गोविंदरावांनी सगळ्यांना घरी पिटाळलं.

सकाळी मावशी आमच्या आधी बांधावर उभी. गोविंदराव पुढे जाऊन बघून आले.

"क्रेट रिकामा आहे. मोठे ठसे नदीकडे गेलेत. तिन्ही नेली तिनं."

मावशी बांधावरच रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ऊस गेला खड्ड्यात, असं मी मोठ्यानं बोललो आणि ते अगदी मनापासून होतं.

"पार पडलं म्हणायचं," मावशी डोळे पुसत म्हणाली. "पर सव्वा महिन्यानं लुगडं कोण देणार?"

आम्ही सगळे हसलो. गोविंदरावांनी मात्र ते लक्षात ठेवलं. बरोबर सव्वा महिन्यानं ते हिरवं नऊवारी घेऊन आले.

"बिबटिणीकडून," ते म्हणाले.

"खुळं का काय!" मावशी म्हणाली, आणि लुगडं घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते नेसून ती नदीकडच्या उसाजवळ गेली. बांधावर उभी राहून तिनं पदर सारखा केला, लुगडं एकदा पुढून दाखवलं, मग वळून मागूनही दाखवलं. उसात पानही हललं नाही.

"बघितलं आसंल तिनं," मावशी म्हणाली आणि घराकडे निघाली.