मोलींची खोली

दादाने पफर मासा घरी आणला तेव्हा त्याला एवढंच ठाऊक होतं की हा मासा चिडला की फुगतो. आमच्या घरात फुगणाऱ्यांची कधीच वाण नव्हती, पण त्यांना कुणी काचेच्या टाकीत ठेवून कौतुकाने बघत बसलं नाही.

दुकानदाराने तो गोड्या पाण्यातला म्हणून विकला होता. थोड्याच दिवसांत मासा काळवंडला, खाईना. दादा मोबाईलवर व्हिडिओ बघत बसला तेव्हा उलगडा झाला. याला गोडं पाणी सोसत नाही आणि समुद्राएवढं खारटही लागत नाही. मधलं, मचूळ पाणी हवं. मग समुद्री मीठ आलं, खारेपणा मोजायचं यंत्र आलं, आणि दादा रोज थोडं थोडं मीठ विरघळवून पाणी जमवत राहिला.

"मीठ झालं, आता हळद नि कोथमीर बी टाक," आई म्हणाली.

मासा वाचला. मचूळ म्हणजे काय ते मला मात्र व्हिडिओत बघायची गरज नव्हती. नवऱ्याचं घर सोडून माहेरी, चांदे गावात परत आल्यापासून मी तशीच होते, ना तिकडची ना इकडची.

मग दादाला वाटू लागलं, मासा एकटा पडलाय. "जोडीला कुनीतरी पायजेच की." माझ्याबद्दलही तो हेच म्हणायचा, याच आवाजात. भरे गावचं एक स्थळ त्याने धरून ठेवलं होतं. बायको वारलेली, घरची शेती, पिरंगुटला कंपनीत कायम. "लई चांगली मानसं हायेत," झाली चौकशी.

मला लग्न नको होतं, खोली हवी होती. आमच्या वरच्या दोन्ही मजल्यांवर आयटीतली मुलं भाड्याने राहतात, पण गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारची एक खोली अडगळीने भरलेली होती. मी हिंजवडीत रिसेप्शनला बसते, पगार आहे. भाडं देईन, तेवढी खोली मला दे, दादाला म्हटलं.

"एकटी बाई वर ऱ्हाती म्हनल्यावर लोक काय म्हनतील? आन् सामान कुटं ठिऊ मी?"

माशाच्या सोबत्याची चौकशी मात्र किती दिवस चालली होती! पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे गोबी मासे तळाशी गप बसतात, पण इतके बारीक की हा त्यांना खाऊच समजायचा. लांब शेपटीचा कुणी नको, हा शेपटी कुरतडणार. संथ नको, वेळ आली तर पळता यायला हवं. जेवताना दादा हे सगळं सांगायचा आणि आई हूं हूं करायची. माझा घास तोंडात फिरायचा.

कारण माझ्या लग्नाच्या वेळी याच दादाने पगार विचारला, जमीन विचारली आणि पत्रिका जुळली म्हणून पेढे वाटले. मुलगा चिडला की काय करतो, हे कुणी विचारलं नाही. तो हात उचलायचा. दोनदा मी माहेरी आले, दोन्ही वेळा दादाने स्वतः गाडीत घालून परत नेऊन सोडलं. "भांडनं कुटं न्हाईत?" म्हणाला. तिसऱ्यांदा आले ती कुणाचं न ऐकायचं ठरवूनच.

शेवटी दादाने मोली निवडल्या. चपळ, मचूळ पाणी मानवणाऱ्या. आधी वेगळ्या टबात ठेवल्या, मिठाची सवय केली, मग सोडल्या. दुसऱ्याच सकाळी दोघींच्या शेपट्या फाटलेल्या होत्या आणि तिसरी तळाशी मरून पडली होती. दादाचा चेहरा उतरला. खरंच उतरला, खोटं कशाला बोलू. त्याच दिवशी त्याने गच्चीवरची अडगळ हलवली, खोली झाडून घेतली, दुसरी टाकी मांडली आणि उरलेल्या मोली वर नेल्या.

म्हणजे खोली रिकामी होत होती. मला राग आला, माशांचाही आला.

तरी मी रोज वर जाऊन बसायला लागले. शेपट्या हळूहळू भरून आल्या. दादा एकदा त्यांना खायला घालत होता तेव्हा मी विचारलं, "बऱ्या झाल्यात की आता. सोडायच्या का परत खाली?"

"येडी हाईस का? एकदा चावलंय त्यानं. परत कुनी सोडतं व्हय त्याच्यात?"

त्याला काही उमगेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने डब्याचं झाकण लावलं, हात झटकले आणि जिन्यावरून म्हणाला, "रविवारी भऱ्याचे पाव्हने येनार हायेत. जरा नीट तयार हो."

शनिवारी मी माझी गादी वर नेली. रविवारी पाहुण्यांची गाडी दारात लागली तशी आतून कडी घातली. खालून आईने हाका मारल्या, मग हाका थांबल्या. पाहुणे पोहे खाऊन गेले. संध्याकाळी दारावर थाप पडली. दादा चिडलेला होता, पण आवाज दाबून बोलत होता.

"दार उघड. मोली सकाळपास्नं उपाशी हायेत."