रविवारची पाटी

सातपाटीत आमच्या घरासमोर एक बाई स्वतःच्या पडवीत बालवाडी चालवत. पोरांना गाणी शिकवताना त्यांच्या मांडीवर फाटकं जाळं असे आणि विणायची सुई थांबत नसे. कुणी काहीही सांगितलं की त्या "बरं" म्हणत. त्या "बरं"चा अर्थ मला कधी नीट लागला नाही.

सरकारी अनुदान मिळालं तेव्हा खाऊ आला, लाकडी घोडा आला आणि नियमही आले. दारावर सरकारी पाटी लावायची, रविवारी बालवाडी बंद ठेवायची. बाई म्हणाल्या, "बरं." मला वाटलं, संपलं. मासळीला खरं गिऱ्हाईक रविवारीच असतं, आणि पोरांच्या आया टोपल्या घेऊन सकाळीच पालघरच्या बाजाराला निघतात.

पहिल्याच रविवारी बाईंनी पाटी उलटी करून टांगली, घोडा माळ्यावर चढवला आणि पोरांना आत घेतलं. सरकारी खाऊला हात न लावता घरची पेज वाढली. सोमवारी पाटी पुन्हा सरळ.

वर्षभर असंच चाललं. मग एका रविवारी तपासणीचे साहेब न सांगता आले. पडवी पोरांनी भरलेली होती.

"बाई, रविवारी बंद ठेवायचं ठरलंय ना?"

"बंदच हाय, सायेब. पाटी बगा."

"मग ही मुलं?"

"उद्या तुमची. आज माजी."

सुई चालूच होती.

लवकरच अनुदान थांबलं. शिपाई येऊन घोडा घेऊन गेला, पाटी मात्र राहिली. बाईंनी ती काढली नाही. फक्त सोमवारी सरळ करायचं सोडून दिलं.