बाहीखालचं कासव

"आत्ता बदला."

"परीक्षा झाल्यावर बदलतो म्हटलं ना."

"परीक्षा माझी, कासव तुमचं. दोघांचा संबंध काय?"

"संबंध वेळेचा आहे. साहेब आपल्यासाठी थांबणार नाहीत. नवीन लावायचं म्हणजे आधी ते भरा, मग चिकटवा, मग ते टचकन टोचेपर्यंत श्वास धरून उभे राहा."

"श्वास धरायला कुणी सांगितलंय?"

"आपोआप धरला जातो."

"अहो, तीन दिवस झाले त्याला. पहाटेपासून वाजतंय."

"वाजतंय म्हणजे आठवण करतंय. बंद पडलेलं नाही. आत औषध शिल्लक आहे, ते काय मोरीत ओतू?"

"ओता. मी काही बोलणार नाही."

"तू काही बोलणार नाहीस हे मी लग्नापासून ऐकतोय."

एवढं म्हणून मास्तरांनी लांब बाहीचं बटण लावलं आणि स्वतःपुरता वाद मिटवून टाकला. मास्तरीणबाईंनी चपला घातल्या. बाहीच्या आतून कासव दोनदा वाजलं. त्याच्या मते वाद मिटलेला नव्हता.

मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. अख्ख्या भागात कुणाची गाडी चढावर मागे घसरली नाही की लोक म्हणतात, हा मास्तरांचा विद्यार्थी. चालकाच्या शेजारच्या सीटवर त्यांचं आयुष्य गेलं. शिकवण्याच्या गाडीत त्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. विद्यार्थी चुकला, की मास्तर तो दाबतात. विद्यार्थी चुकेल असं वाटलं, तरी दाबतात. विद्यार्थी बरोबर चालवतोय म्हणजे आता लवकरच चुकणार, म्हणूनही दाबतात. पुढे पुढे त्या पायाला घर आणि गाडी यातला फरक कळेनासा झाला. लेकीने जेवता जेवता सांगितलं, "बाबा, मला शिकायला लांब जायचंय," तेव्हा टेबलाखाली मास्तरांचा पाय फरशीवर कचकन दाबला गेला. लेक गेलीच. फरशीला ब्रेक नव्हता.

अशा माणसाला मधुमेह झाला. पुढे तो इन्शुलिनवर आला आणि सुयांची टोचाटोची वाढली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हा पंप दिला. नळी नाही, वायर नाही, पट्टा नाही. अर्ध्या अंड्याएवढा फुगीर पांढरा डबा दंडावर चिकटवायचा. आतली बारीकशी नळी आपली आपण कातडीत जाते आणि दिवसभर थेंबाथेंबाने औषध सोडत राहते. जेवणापूर्वी फोनवर सांगितलं, की जास्तीचं देते. तीन दिवसांनी जुना काढायचा, नवीन लावायचा. मास्तरीणबाईंनी त्या उंचवट्याकडे पाहिलं आणि त्याच दिवशी त्याचं नाव कासव पडलं.

"बघा," त्या म्हणाल्या होत्या, "थोडं थोडं देतं, वेळेवर देतं, आणि आरडाओरडा करत नाही. शिकवावं तर असं."

"वाजतं की ते."

"दुर्लक्ष केलं की वाजतं. तेवढं मीसुद्धा वाजते."

दुसऱ्या दंडावर बटणाएवढं आणखी एक यंत्र आलं. ते साखर मोजतं आणि आकडा फोनवर पाठवतं. कुणाच्या फोनवर, हे आपण ठरवायचं. मास्तरांनी काही ठरवायच्या आत लेकीने ठरवलं. आकडा मास्तरांना, मास्तरीणबाईंना, लांब राहणाऱ्या लेकीला आणि मास्तरांच्या धाकट्या भावाला एकाच वेळी दिसू लागला. जन्मभर दुसऱ्यांच्या पायावर नजर ठेवणाऱ्या माणसावर आता सगळं घर नजर ठेवून बसलं.

"बाबा, दोनशे दहा कसे?"

"यंत्र बिघडलंय."

"कालच बसवलंय ना?"

"नवीन आहे. रुळायला वेळ लागतो."

रुळायला वेळ लागतो, हे वाक्य मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला ऐकवलेलं नाही. धाकटा भाऊ काही विचारत नसे. आकडा वर गेला, की तो कुठल्या तरी पाल्याचा फोटो पाठवी आणि खाली लिही, रोज सकाळी उपाशीपोटी. त्याला स्वतःला काही झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा आत्मविश्वास दांडगा होता.

घरात एवढा गाजावाजा, पण घराबाहेर कुणाला याची कुणकुण नव्हती. कुणाला सांगायचं नाही, असं मास्तरांनी बायकोकडून वदवून घेतलं होतं.

"मोटार-शाळेच्या मालकाच्या कानावर गेलं, तर तो मला टेबलावर बसवील, पावत्या फाडायला. आणि लोक काय म्हणतील? ज्याला स्वतःची साखर सांभाळता येत नाही, तो आमच्या पोरीला रस्त्यावर काय सांभाळणार."

"कुणी असं म्हणत नाही हो."

"मी म्हटलं असतं," मास्तर म्हणाले. आणि ते खरं होतं.

म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्या. विद्यार्थ्यांना वाटे, मास्तरांचा रुबाब. दोघाचौघांनी तर तशा बाह्या शिवूनही घेतल्या. कासव वाजलं, की मास्तर आरशातून मागे बघत आणि शांतपणे म्हणत, "मागचा दरवाजा नीट लागलेला नाही." विद्यार्थी उतरे, दरवाजा उघडून धाडकन लावी आणि परत येऊन बसे. त्या निष्पाप दरवाजाने इतके दणके खाल्ले, की त्याचं हँडल खुळखुळ्यासारखं हलू लागलं. त्याचबरोबर मास्तरांनी एक नवा नियमही काढला. गाडीत काहीही वाजलं, की आधी थांबायचं, मग विचार करायचा. नियम इतक्यांदा घोटून घेतला, की त्यांचे विद्यार्थी दुसऱ्याचा फोन वाजला तरी ब्रेककडे पाय नेत.

गेल्या हिवाळ्यात नवरा-बायको शाळेच्याच गाडीने परगावाहून परतत होती. गाडी मास्तर चालवत होते. मास्तरीणबाई शेजारी, म्हणजे मास्तरांच्या नेहमीच्या सीटवर. फोनवरचा साखरेचा आकडा घसरायला लागला. "गोळी खा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वळणावर," मास्तर म्हणाले. पुढच्या वळणावर मास्तर समोरच्या ट्रकला "क्लच, क्लच सोड" असं समजावू लागले. कपाळावर घाम, आवाज जड. तेव्हा मास्तरीणबाईंनी पायाशी असलेला तो दुसरा ब्रेक आयुष्यात पहिल्यांदा दाबला. गाडी हळूहळू कडेला थांबली. त्यांनी मास्तरांच्या तोंडात साखरेच्या गोळ्या कोंबल्या आणि दोन्ही बाजूंचं काळंभोर शेत बघत बसल्या. मास्तर शुद्धीत होते, पण स्टिअरिंग धरण्यासारखे नव्हते. गाडी थांबवता आली होती, पुढे नेता येत नव्हती. शेवटी एका लॉरीवाल्याने आपला सोबती देऊन त्यांना घरापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मला गाडी शिकवा."

"या वयात?"

"तुमचं वय झालंय म्हणूनच. पुन्हा असं झालं तर मला गाडी घरी आणता आली पाहिजे. परवाना हवाय मला."

मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला. मास्तरीणबाईंनी खाली बघितलं आणि म्हणाल्या, "हाच पाय उचलायला शिका तुम्ही. बाकीचं मी शिकते."

शिकवणं सुरू झालं. बघणाऱ्याला वाटावं, गाडीत दोन मास्तर बसलेत.

"आरसा."

"बघितला. तुमचे किती झाले?"

"रस्ता बघ, माझे आकडे नको बघू. गिअर."

"टाकला. जेवणाआधीचं औषध सांगितलंत का फोनला?"

"अगं, समोर म्हैस आहे."

"म्हशीला मी बघतेय. तुमच्याकडे कोण बघणार?"

पण शिकल्या. इतक्या नीट शिकल्या, की मास्तरांना ब्रेक दाबायला निमित्त मिळेना. शेवटी शेवटी ते पाय वर घेऊन मांडी घालून बसत, म्हणजे मोह नको. कौतुक तोंडातून निघालं नाही, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी स्वतः धुतली. मास्तरांच्या हिशेबात हे कौतुकापेक्षा वरचढ.

आणि मग ती सकाळ, तो वाद, ते न बदललेलं कासव.

परवान्याच्या कचेरीला लागून, रस्त्याकडेलाच मोठं मैदान होतं. कुंपणाला टेकून परीक्षार्थी रांगेत उभे होते, त्यांत मास्तरांचेच निम्मे. मास्तर दिसताच रांग सरळ झाली. परीक्षा घेणारे साहेब चालकाच्या शेजारी बसले. मास्तरांनी मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, हा कचेरीचा कायदा. मास्तर बंद तोंडाने मागे बसलेले बघणं हा कचेरीतल्या लोकांचा आवडता विरंगुळा होता.

मास्तरीणबाईंनी पट्टा लावला, आरसे बघितले, गाडी काढली. चढ झाला, उतार झाला, दोन खांबांमधून गाडी मागे घेणं झालं. साहेबांचं पेन दर वेळी खूण करत गेलं. मागच्या सीटवर मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू येऊ घातलं होतं, ते त्यांनी खोकून परतवलं. आता फक्त कचेरीसमोरच्या रस्त्यावरून एक फेरी उरली होती.

रस्त्याच्या मधोमध कासव वाजलं.

आधी थांबायचं, मग विचार करायचा. मास्तरीणबाई थांबल्या. करकचून थांबल्या. साहेबांचा चष्मा मांडीवर पडला आणि मागची एक भाजीची हातगाडी शिव्या देत वळसा घालून गेली.

साहेबांनी चष्मा शोधला, पुसला, लावला. "बाई, छान चाललं होतं की. का थांबलात?"

मास्तरीणबाईंनी समोरचा आरसा नीट केला.

"हे बघा, कारण असलं तर थांबणं चूक नाही. उलट मी चांगलं म्हणेन. कारण नसताना भर रस्त्यात थांबलात, तर मला नापास करावं लागतं. काहीतरी वाजलं ना? मीसुद्धा ऐकलं. काय होतं ते?"

मास्तरीणबाईंनी आरशातून मागे पाहिलं. मास्तर बाहीचं बटण बघत होते. जणू बटण नावाची वस्तू त्यांना आजच भेटली होती.

"दरवाजा," मास्तर म्हणाले. "मागचा दरवाजा, साहेब. नीट लागत नाही. हँडल ढिलं झालंय."

"म्हणजे दरवाजा नीट न लावता यांनी गाडी काढली?" साहेबांचं पेन खाली आलं. "मास्तर, तुमच्या हाताखाली शिकून? मग तर नापासच म्हणायचं."

"नाही, नाही. तिने दरवाजा बघितला होता. तिची काही चूक नाही. दरवाजा लागलेलाच होता."

"लागलेला होता?"

"घट्ट."

"मग वाजलं काय?"

मास्तरांनी बाहेर बघितलं. मैदानाच्या कुंपणापाशी उभी असलेली रांग काचेतून दिसत होती. लांब बाह्यांचे दोन विद्यार्थी माना उंच करून बघत होते. मास्तरांचा पाय पुढच्या सीटच्या पाठीला लागून नुसता दाबत राहिला.

"तुम्ही सांगा बाई," साहेब म्हणाले. "नापास करायची मला हौस नाही. एका शब्दाचं काम आहे. दरवाजा होता की नव्हता?"

मास्तरीणबाईंनी पुन्हा आरशात पाहिलं, या खेपेला जरा जास्त वेळ. मग त्यांनी गाडी न्यूट्रलला आणली. हातब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. पट्टा सोडला. बाजूच्या आरशात बघून मागून कुणी येत नाही याची खात्री केली आणि मगच दार उघडलं. साहेबांचं पेन सवयीने खूण करायला निघालं होतं, ते अर्ध्यावर थांबलं. त्या उतरल्या, दार नीट लागल्याचा आवाज येईपर्यंत लावलं, आणि पर्स खांद्याला अडकवून रस्त्याच्या कडेने चालू लागल्या.

गाडीचं इंजिन बंद. चारही दारं बंद.

कासव पुन्हा वाजलं.

साहेब सावकाश मागे वळले. त्यांनी डावं दार बघितलं, उजवं बघितलं आणि शेवटी मास्तरांच्या दंडाकडे बघितलं. आवाज तिथूनच येत होता.

"मास्तर," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आता कुठला दरवाजा?"

मास्तरांनी खुळखुळणारं हँडल ओढलं आणि बाहेर पडले. कुंपणाची रांग त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मनगटाचं बटण काढलं, बाही एक घडी, दोन घड्या, अशी पार खांद्यापर्यंत दुमडली, आणि बायको गेली त्या बाजूला चालायला लागले.