सुशीलाची गाडी आणि गाळलेली पानं

तेवीस वर्षांची असताना मी सासरी, माढ्याला, दिराची जीप हट्टानं चालवायला घेतली आणि थेट बुचाडात (कडब्याच्या पेंढ्यांच्या उभ्या राशीत) घातली. उतरून वर मीच म्हणाले, "कडबाच मध्ये आला!" त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. एवढी शहाणी मी.

आता सोलापूरच्या भवानी पेठेत आम्ही तिघी दर गुरुवारी मोठ्यानं पुस्तक वाचतो: मी, शेजारची पद्माक्का आणि सुशीला. यंदा एका गृहस्थाचं जुनं प्रवासवर्णन घेतलं होतं. खटारा मोटार आणि देशभर भटकंती. इकडे सुशीलाचे यजमान गेल्यापासून त्यांची गाडी दारात झाकून उभी. लायसन्स तिच्याकडेही आहे, पण त्यांनी तिला गावाबाहेर कधी चालवू दिली नाही. रविवारी मुलगा ती विकायला न्यायला येणार होता.

पुस्तक संपत आलं तशी सुशीला म्हणाली, "शेवटचा भाग मंगळवेढ्याच्या रस्त्यावर वाचू. मी चालवते. धड जाऊन आले तर गाडी विकायची नाही."

निघालो. तिऱ्हे गावापर्यंत ती उसाच्या ट्रॉलीमागे इतक्या सोशिकपणे राहिली, की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. मी शेजारी बसून वाचत होते. पुस्तकातल्या गृहस्थाची मोटार नेमकी तेव्हाच खड्ड्यात कलंडली. सुशीलाचे घामेजलेले हात बघून मी गुपचूप पानं उलटली आणि ठोकून दिलं, "मग त्यानं धाब्यावर चहा घेतला." पुढच्या दोन अपघातांनाही चहाच पाजला.

"अय्यो, किती चहा पितो हा माणूस!" मागून पद्माक्का.

भीमेच्या पुलावर गाडी बंद पडली. मागं ट्रकांचा गोंगाट. एक ड्रायव्हर वाकून म्हणाला, "मावशी, उतरा, मी काढून देतो."

"नको," म्हणत सुशीलानं कशीबशी गाडी पुलापार नेली, कडेला लावली आणि किल्ली काढली. "बास. मुलाला फोन करते, आजच ने म्हणावं."

तिनं माझ्या मांडीवरचं पुस्तक घेतलं, चष्मा लावला, मागची पानं काढून बराच वेळ वाचलं. मग फोन न करताच किल्ली फिरवली.

मंगळवेढ्याच्या अलीकडे काळ्या रानात डोक्याएवढ्या उंचीची ज्वारी उभी होती. बांधावर आगटी (शेणींचा जाळ) पेटवून एक बाई हुरडा भाजत होती.

"हितं लावा की गाडी! कुटनं आलाव?"

"सोलापूरहून."

"आन् म्हातारीच चालवती व्हय? लई भारी!"

"म्हातारी कोण गं?" सुशीला फणकारली, आणि त्या तोऱ्यात दोघींच्या वाट्याचा हुरडा एकटीनं संपवला. शेंगाचटणी मला चाटायलाही उरली नाही.

परतताना तिनं उसाची एक ट्रॉली मागे टाकली, तेव्हा पद्माक्कानं डोळे मिटून घेतले. मी मात्र उघडे ठेवले. उगाच इतकी वर्षं रस्ता फक्त खिडकीतून बघितला, असं वाटून गेलं.

दारात गाडी लावून सुशीलानं मुलाला फोन केला, "रविवारी ये, पण जेवायला. गाडी जाणार नाही."

मी छाती फुगवून म्हटलं, "बघ, तू घाबरू नयेस म्हणून मी सगळे खड्डे गाळले."

ती म्हणाली, "गधडे, तो पडतो कसा ते गाळलंस ते ठीक, पण वर कसा येतो तेपण गाळलंस की!"