भाऊजींचे तासाभराचे खून

आयर्लंडमधल्या आमच्या एनिस गावात भाऊजींइतके खून कोणी पाहिले नसतील. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पुण्याहून इथे एमएस करायला आले, शॅननला एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटले आणि आमच्याच माडीवरच्या खोलीत राहिले. माणूस इतका पापभीरू, की स्वयंपाकघरात कोळी निघाला तर त्याला पेल्यात घालून बागेत सोडून येतात. पण महायुद्धानंतर इंग्लंडात तुटपुंज्या भांडवलावर घाईघाईने काढलेले तासाभराचे कृष्णधवल गुन्हेपट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रंगीत सिनेमाचं नाव काढलं तर कारल्याची भाजी वाढल्यासारखं तोंड करतात.

यात एवढं बघण्यासारखं काय आहे, असं मी एकदाच विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत माझी भिजवलेली कणीक वाळली. धुकं दाटलं की समजायचं, मागची भिंत बांधायचीच राहिली आहे. गोळी सुटली तर एकच. इन्स्पेक्टर कधी धावत नाही, तो चहा पीत बसतो आणि खुनी कंटाळून कबुली देतो. एकच जिना त्यांनी चार सिनेमांत ओळखून काढलाय. आमच्या जिन्यावरून मात्र ते दोनदा घसरले. “वहिनी, सेट परवडत नव्हते, म्हणून हे लोक सरळ रस्त्यावर गेले,” ते म्हणाले. “त्यामुळे हिरोच्या मागे खरी माणसं आहेत. त्यांच्याकडे बघा.” या मागच्या माणसांसाठी ते सिनेमा सारखा थांबवतात. डब्लिनहून एक मुलगी त्यांना बघायला आली होती, तिला कौतुकाने असाच एक सिनेमा दाखवला. तासाभराचा सिनेमा अडीच तास चालला. शेवटी तिने बिचारीने विचारलं, खुनी कोण होता? भाऊजी म्हणाले, ते तितकं महत्त्वाचं नाही. दोन दिवसांनी तिच्या आईचा नकार आला, तो वाचून मी चिडले आणि भाऊजी हुश्श म्हणाले.

आमच्या शेजारी एक म्हातारबाबा एकटे राहतात. नव्वदी गाठलेले, जुने गवंडी. तरुणपणी लंडनला बांधकामांवर होते. एकदा कुंपणापाशी बोलता बोलता ते सहज म्हणाले, की आमच्या साइटवर सिनेमावाले आले होते. पायाच्या खड्ड्यात प्रेत सापडतं असा प्रसंग होता आणि बघ्यांची गर्दी म्हणून मजुरांनाच उभं केलं होतं. सिनेमाचं नाव माहीत नाही, तो कधी बघायलाही मिळाला नाही. झालं, भाऊजींना केस मिळाली. सेकंडहँड दुकानातून आणलेला लांब कोट घालून ते दर रविवारी चौकशीला जाऊ लागले. साइटवर क्रेन होती का, मागे चर्च दिसायचं का, तुमची टोपी कशी होती. म्हातारबाबांच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. वाचण्याजोगी नजर फार तर वर्षभर टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे घाई होती. भाऊजींनी त्या वर्षात किती खड्डे आणि किती प्रेतं पाहिली याचा हिशेब नाही. मीही भाजी निवडता निवडता चर्च शोधायला लागले होते.

सापडलं ते फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी. भाऊजी ओरडले वगैरे नाहीत. शांतपणे कोट चढवला, लॅपटॉप उचलला आणि मला म्हणाले, चला. म्हातारबाबांनी पडद्याला नाक टेकवलं. गर्दीत डावीकडून तिसरा, टोपी मागे सरकवलेला पोरसवदा मजूर भाऊजींनी दाखवला. हे तुम्ही. म्हातारबाबांनी मान हलवली, “ग्रँड” म्हणाले, आणि त्यांचं बोट शेजारच्या मजुरावर जाऊन थांबलं.

“हा माझा भाऊ,” ते म्हणाले.

शूटिंग झालं त्याच हिवाळ्यात तो परांचीवरून पडून गेला होता. त्याचा एकच फोटो होता, तो आईबरोबर पुरला. वर्षभर हे आम्हाला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, तो चित्रात आलाय की नाही हे मला तरी कुठे ठाऊक होतं? नसता आला, तर तुमच्या या पोराला वाईट वाटलं असतं. भाऊजींनी चित्र पुढे सोडलं. चार सेकंद. भाऊ वळतो, म्हातारबाबांच्या कानात काहीतरी सांगतो आणि हसतो. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

आता म्हातारबाबांना दिसत नाही. उजेड आणि सावली, एवढंच उरलंय. भाऊजी अजूनही दर रविवारी जातात, कधी कधी मीही जाते. ते लॅपटॉप मांडीवर घेतात आणि तेवढाच तुकडा लावतात. एरवी श्वासागणिक सिनेमा थांबवणारा हा माणूस तिथे एकदाही थांबवत नाही, शेजारी बसून हळू आवाजात सांगत राहतो. आता प्रेत वर काढलं. आता तो तुमच्याकडे वळला.

“हसला का?” म्हातारबाबा विचारतात.

“हसला,” भाऊजी सांगतात.

मग मी उठून चहा टाकते. त्यांचे कप कुठल्या कपाटात असतात, ते मला आता पाठ झालंय.