धबाचे तोंड

नको असलेली छायाचित्रे पुसून टाकता येतात. त्यांच्यामागचे किस्से मात्र साठतच जातात. आमच्या गटाकडे हा साठा आता भरपूर झाला आहे, आणि त्याचा मला सार्थ अभिमान आहे.

आम्ही पाच-सहा मराठी माणसे शनिवारी पहाटे शारजातील रोला भागात जमतो आणि कॅमेरे घेऊन वाळवंट गाठतो. तेथे धब राहतो. काटेरी शेपटीचा, हातभर लांबीचा हा सरडा म्हणजे आपल्याकडील सांड्याचा भाऊबंदच. आमचा नियम एकच : त्याने मान वर केली, की आपण असू तेथे थांबायचे. अंतर तो ठरवतो, आपण नव्हे! हा नियम आजवर कोणीही मोडलेला नाही.

* * *

जोशी गटात नवे होते, तेव्हा खिशातून खबूस, म्हणजे अरबी रोटी, घेऊन आले. म्हणाले, "काका, बिळापाशी तुकडा टाकू या ना, झटकन बाहेर येईल!"

सुलभावहिनी देसाई कडाडल्या, "जोशी, हा काय मीना बाजार आहे, गिऱ्हाईक ओढायला?"

तो खबूस आम्ही सर्वांनी चहाबरोबर संपवला. जोशींनाही दिला.

* * *

एकदा आम्ही सगळे वाळूवर पालथे पडून वाट पाहत होतो. रस्त्याने जाणारी एक गाडी थांबली. "हबीबी, ऑल ओके?" मग दुसरी थांबली, मग तिसरी! गाडी फसून आम्ही कोसळलो आहोत, अशीच प्रत्येकाची समजूत. एवढ्या वर्दळीत धब कसला बाहेर येतो? घरी गेल्यावर सूनबाईंनी विचारले, "बाबा, काय मिळालं आज?"

"पाण्याच्या बाटल्या," मी म्हणालो. "दोन खोकी."

* * *

माझी नात इरा एकदा बरोबर आली. "आजोबा, व्हाय कान्ट वुई गो क्लोजर?"

मी शुद्ध मराठीत सविस्तर विवेचन केले. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "इरा, तू अंघोळ करत्येस आणि कुणी धाडकन दार उघडलं तर?"

"ईऽऽ! ओके, गॉट इट!"

* * *

वहिनींचे यजमान, देसाई, रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यात मॅनेजर होते. धबाच्या तोंडाचे एक छायाचित्र मिळावे, एवढीच त्यांची इच्छा. परंतु ते क्लिक करेपर्यंत तो बिळात शिरलेला असे. येथील मराठी मंडळाच्या प्रदर्शनात त्यांच्या सगळ्या चित्रांत शेपट्याच! "देसाई, तोंडाशी भांडण आहे का हो?" लोक विचारत.

नोकरी संपली. रविवारी कायमचे पुण्यास प्रयाण, म्हणून शनिवारची फेरी अखेरची. वहिनी म्हणाल्या, "आज मिळणार, इन्शाल्ला!"

उन्हे चढली. सूर्य पाठीशी घेऊन देसाई एकटेच पुढे उभे होते. आम्ही त्यांच्या मागे. धब बाहेर आला, क्षणभर थबकला आणि चालत चालत थेट देसाईंच्या बुटांपाशी येऊन त्यांच्या सावलीत विसावला. तोंड त्यांच्याकडे! आम्हाला त्यांच्या पायांआडून केवळ शेपटी दिसत होती.

त्यांची लेन्स लांबची. इतक्या जवळचे तिला टिपता येत नाही.

"अहो, मोबाइल आहे ना खिशात!" वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या. "जरा मागे सरका नि काढा! उद्या विमान आहे आपलं!"

देसाई हलले नाहीत. ओठही न हलवता पुटपुटले,

"मागे सरलो, तर त्याच्यावर ऊन येईल."